कोरडं चाक

घट बसले की आमच्याकडे गाडीची चाकं उतरतात. वर्षातून एकदा ब्रेक उघडून पाहायचे आणि तेही याच दिवसांत, असा नेम मीच घालून घेतला आहे. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. आश्विनातलं नागपूरचं ऊन मे महिन्यासारखं अंगावर धावून येत नाही, पण सकाळी दहा वाजल्यापासून मानेवर बसतं ते उतरत नाही. झेंडूचा वास, गच्च्यांवर वाळत घातलेल्या गाद्या, देवीच्या मंडपातला भोंगा. या सगळ्यात मी पोर्चच्या फरशीवर पोतं अंथरून बसलेला असतो. हातात जाडी मोजायचा व्हर्नियर असतो.

यंदाही चाकं उतरली आहेत. बाबा खुर्ची टाकून जवळ बसले आहेत. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काटोलकडच्या गावी जन्मभर शेती केली. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. मी ब्रेकचा ड्रम काढून बाजूला ठेवला की ते त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "हात लावू काय गा?"

हे विचारणं एका नवरात्रापासून सुरू झालं. त्याआधी बाबांनी कुठल्याही चाकाला हात लावताना कुणाला विचारलं नव्हतं.

मी नागपूरबाहेरच्या वाडीला एका वजनकाट्यावर काम करतो. गोदामांत जाणारे ट्रक आधी आमच्या काट्यावर उभे राहतात. भरलेल्या ट्रकचा आकडा आणि रिकाम्या ट्रकचा आकडा, दिवसभर हेच वाचायचं. लोकांना ट्रक दिसतो, मला टन दिसतात. मोटरसायकलवरचा पोरगा ट्रकच्या नाकासमोरून आडवा जातो, कारण त्याला आकडा दिसत नाही. आमच्या फाटकासमोर डांबरावर टायरांचे काळे पट्टे आहेत. ट्रकवाल्यांनी जीव खाऊन ब्रेक दाबल्याच्या त्या खुणा. पावसाळ्यात त्या फिकट होतात आणि दसऱ्याच्या सुमारास, मालाची ये-जा वाढली की, पुन्हा गडद होतात. चहाला बाहेर पडलो की माझी नजर आधी तिकडे जाते. नवा पट्टा आहे का, किती लांब आहे, कुठे संपला आहे.

आणि त्या नवरात्रानंतर त्याच रस्त्यावरून वैशाली गाडी चालवत जाणार होती.

वैशाली माझी बायको. प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्या वर्षी तिची बदली वाडीच्याही पुढच्या एका गावी झाली. बस धड मिळेना. मिळाली तर फाट्यावर उतरून बरंच चालावं लागे. चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली, बऱ्यापैकी शिकली, आणि दसरा झाला की गाडीनेच जायचं असं तिने ठरवून टाकलं.

"माझं सीमोल्लंघन," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातातून आलेली. ब्रेक दाबला की मागच्या बाजूने बारीक किंचाळी येई.

"गॅरेजमध्ये द्या ना अहो."

"गॅरेजवाला 'हो गया' म्हणतो. किती उरलं ते सांगत नाही."

"तुम्ही काट्यावर बसता, म्हणून साऱ्या जगाचं वजन तुमच्याच डोक्यावर," ती म्हणाली. "जाणार मी आहे, आणि झोप तुमची उडून राहिली."

खरंच उडाली होती. धंतोलीवरून जाताना दवाखान्यांसमोर सतरंज्या टाकून बसलेली बाहेरगावची माणसं दिसत, मांडीवर जेवणाचा डबा, डोळे दाराकडे. त्यांत मी स्वतःला बसवून पाही. असं पाहू नये हे कळतं. तरी पाही.

म्हणून मी स्वतः ब्रेक उघडायचे ठरवले. मी मेकॅनिक नाही. पण गाडीचं पुस्तक वाचता येतं, मोजता येतं आणि घाई करत नाही, एवढ्या तीन गोष्टी माझ्याकडे होत्या. काम सुरू करायच्या आधी आमच्या मागच्या मोकळ्या लेआउटमध्ये गेलो. प्लॉट पाडलेले, रस्ते झालेले, घर एकही नाही. एका ठिकाणी विटेची खूण केली, ठरावीक वेगाने येऊन विटेपाशी ब्रेक दाबला आणि गाडी कुठे थांबली ते टेपने मोजलं. पहिला आकडा नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही.

आधी पुढची चाकं. तिथे चकती असते आणि तिला दोन्हीकडून पकडणारे दोन पॅड. एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा बराच जास्त झिजलेला निघाला. याचा अर्थ पकड ज्या पिनांवर सरकते त्यातली एक अडकत होती. पिना काढल्या, पुसल्या, खास त्यांच्यासाठी मिळणारं वंगण तुरीच्या दाण्याएवढं लावलं, नवे पॅड घातले. बाबा खुर्चीवरून पाहत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"वंगण तर तुमच्या गाडीले बी लागते म्हणा की."

"लागते बाबा. थोडंसंच."

"थोडंसं काहून? चाकाच्या बाबतीत हात आखडू नाही गा."

मी कामात होतो. हो हो म्हणालो.

आमच्या लहानपणी खांडे नवमीला बंडीची, म्हणजे बैलगाडीची, पूजा होई. पूजा म्हणजे नुसतं हळद-कुंकू नव्हे. सकाळीच बंडी लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून बाबा दोन्ही चाकं उतरवत. वर्षभराचं काळं, घट्ट झालेलं वंगण काठीने खरडून काढत. मग एरंडीच्या तेलात भिजलेल्या चिंध्या, आणि बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत काळा. चाकाच्या मधल्या भोकात तो हात शिरे आणि गोल फिरे, सावकाश, जसा कणगीच्या आतून मातीचा हात फिरवावा. त्या वेळी ते कुणाशी बोलत नसत. चाक पुन्हा चढवून हाताने फिरवलं की ते आवाज न करता फिरत राही, आणि ते थांबेपर्यंत बाबा पाहत राहत. मगच कुंकू. कोरडी बंडी कुरकुरत लोकांच्या दारावरून नेणं म्हणजे गावात इज्जत जाणं. आणि नुसती इज्जत नाही. "वंगणाचं मोल बैलाच्या मानेले विचार," ते म्हणत. चाक कोरडं राहिलं तर ते वजन शेवटी जनावराच्या मानेवर येतं, हे त्यांचं साधं गणित होतं, आणि ते बरोबर होतं.

त्या बंडीला ब्रेक नव्हता. थांबायचं काम बैलांचं. बाबा कासरा ओढून "हो, हो" म्हणत आणि बैल थांबत. चाकाने फक्त चालायचं.

मागची चाकं उघडायचा दिवस नेमका नवमीचा आला. बाबांना ते पसंत नव्हतं. "आज अवजारं पुजाची असतात, चालवाची नाही." त्यांनी सकाळीच माझे पाने, जॅक, व्हर्नियर पाटावर मांडून सगळ्यांना कुंकू लावलं. व्हर्नियरच्या आकड्यांवरही लावलं. ते मी नंतर हळूच पुसलं. पूजा होईपर्यंत थांबलो आणि मग कामाला लागलो.

मागे ड्रम असतो. लोखंडी डबीसारखा, आणि त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या, ब्रेकशू. ब्रेक दाबला की त्या पट्ट्या फाकून ड्रमच्या आतल्या भिंतीला घट्ट लागतात आणि चाक थांबतं. म्हणजे सगळा भरवसा दोन कोरड्या गोष्टी एकमेकींना घासण्यावर. जुने शू पातळ झाले होते. डाव्या बाजूला नवे बसवले, ड्रम आतून पॉलिश पेपरने घासला, फवाऱ्याने धुतला, पांढऱ्या फडक्याने पुसला. फडकं पांढरंच राहिलं. ड्रम शूंवर नुसता टेकवून ठेवला. उजवीकडे आलो तर शू धरून ठेवणारी एक बारीक स्प्रिंग हातातून उडाली. पोर्च झाडला, कुंड्या हलवल्या, नालीत काडी घातली. मिळाली नाही. तेव्हा डावीकडचं काम जवळपास झालेलं आणि उजवीकडचं अर्धं तसंच सोडून जरीपटक्याला गेलो. तिथल्या बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. झेंडूच्या ढिगांमधून वाट काढत जाऊन यायला दुपार झाली.

आलो तेव्हा बाबा अंगणातल्या नळावर हात धूत होते. डाव्या ड्रमवर कुंकवाचं बोट होतं. बरं वाटलं. उजवीकडे स्प्रिंग बसवली, दोन्ही चाकं चढवली, नट ठरल्या क्रमाने आवळले.

दसऱ्याच्या सकाळी मोकळ्या लेआउटमध्ये गेलो. दूर मोठ्या रस्त्यावरून दीक्षाभूमीकडे निघालेल्या गाड्या दिसत होत्या, पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी भरलेल्या. विटेपाशी ब्रेक दाबला. गाडी किंचित उजवीकडे ओढली गेली आणि आधीच्या खुणेच्या पुढे जाऊन थांबली.

पुढे. नवे पॅड, नवे शू, आणि पुढे.

पुन्हा केलं. पुन्हा पुढे. घरी येऊन फाटकाच्या उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढला, उतरलो. गाडी क्षणभर थांबली आणि मग, कुणी विचार करून निर्णय घ्यावा तशी, हळूच मागे सरकू लागली. धावत जाऊन पायाचा ब्रेक दाबला. 

हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो, म्हणजे चूक मागे; मला वाटलं, उजवीकडे. स्प्रिंग तिथे उडाली होती, अर्धं काम सोडून मी तिथूनच उठलो होतो. डावं तर मी स्वतः मोजलं होतं, पुसलं होतं. म्हणून उजवं चाक उघडलं. सगळं जागेवर. बसवलं, उतारावर उभी केली, पुन्हा सरकली. पुन्हा उजवंच उघडलं. आता स्वतःच्या मोजण्यावरचाच विश्वास उडत चालला. आकडे बरोबर आणि गाडी थांबत नाही, असं कधी झालं नव्हतं. वैशाली दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पायरीवर बसली.

"डावं पाहिलं का?" ती म्हणाली.

"ते झालेलं आहे."

"झालेलं पाहू नये असं आहे काय?"

डावा ड्रम ओढला तो सहज निघाला. आत काळंभोर, चमकणारं वंगण होतं. पूर्ण भिंतीवर एकसारखं, कुठे ढीग नाही, कुठे जागा सुटलेली नाही. कडेला बोटांची चार वळणं उमटलेली. फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी आणलेल्या ग्रीसच्या डब्यातलं होतं ते. नव्या शूंनी ते पिऊन घेतलं होतं. इतकं नीट लावलेलं वंगण मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे बोरकर आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या सोनं! अरे, आज बी गाडीच्या खाली?" माझे दोन्ही हात काळे. त्यांनी पानं माझ्या शर्टाच्या खिशात खोचली आणि पाया पडायला आत बाबांकडे गेले. आतून बाबांचा आवाज आला, "पोरगं मेहनती आहे. चाकं मात्र कोरडी ठेवते. मीच वंगण लावून देल्लं."

अभिमानाने म्हणाले ते. आदल्या दिवशी मला सांगितलं नव्हतं, कारण वंगण लावणं ही त्यांच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती. जेवण झाल्यावर ताट उचलून ठेवण्यासारखं ते काम. मी अर्धवट टाकून बाजारात गेलो, तेव्हा त्यांनी पुरं केलं, एवढंच. उजवीकडे स्प्रिंगांचा गुंता पाहून हात घातला नाही, हेच नशीब.

बोरकर गेल्यावर वैशाली हळू आवाजात म्हणाली, "त्यांना सांगू नका."

"सांगावं लागेल."

"कशाला? पुसून टाका, नवे शू आणा. या वयात त्यांना कशाला घाबरवता?"

"आणि पुढच्या वेळी मी नसताना लावलं तर? तू त्या गाडीत असशील."

"तुमचा तो काटा घरात नका आणू," ती म्हणाली आणि उठून गेली. मी ड्रम मांडीवर घेतला. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण न सांगितलेली गोष्ट कुठे दडून बसते ते मी त्याच दुपारी पाहिलं होतं: झाकणाच्या आत, वरून कुंकू लावलेलं.

ड्रम घेऊन बाबांपुढे गेलो. आडपडदा ठेवला नाही. मला ठेवता येत नाही. "बाबा, हे चाक थांबवायचं यंत्र आहे. हे कोरडंच लागते. याला वंगण लागलं म्हणून गाडी थांबत नव्हती."

त्यांनी बोटाने वंगण चाचपलं, नाकाशी नेलं. "मंग तूनं त्या दिशी लावलं ते काय होतं?"

प्रश्न रास्त होता. मी पिना कुठे, ड्रम कुठे ते सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, "सूनबाई यातच जाणार होती?"

"हो."

बाबांनी बोट धोतराला पुसलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा धोतराला वंगण पुसताना मी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी आपट्याची पानं कुणाच्या हातात दिली नाहीत. ताटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी जरीपटक्याचा दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला. "भाईसाब, अभी तो ले गए थे. खा गए क्या?" शूंचा नवा जोड आणला. ड्रम इतक्यांदा धुतला की हाताची कातडी फुगली. बाबा खुर्चीवर नव्हते. आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून होते. मोकळ्या लेआउटमध्ये गाडी आधीच्या खुणेच्या बरीच अलीकडे थांबली, सरळ रेषेत. उतारावर हँडब्रेक ओढून मी इतका वेळ उभा राहिलो की समोरच्या घरातल्या बाईंनी काही हरवलं का म्हणून विचारलं. आकडे आता चांगले होते. भीती मात्र आकड्यांच्या मागून येत नाही, तिची वाट वेगळी असते.

सुट्टी संपली त्या सकाळी वैशाली पर्स घेऊन बाहेर आली तर पुढच्या सीटवर बाबा. धुतलेलं धोतर, टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"बाबा, मी शाळेत जाऊन राहिली. जत्रेत नाही."

"मालूम आहे वं. मी येतो."

"तिथे दिवसभर काय करसान?"

"पोरं पाहीन. तू चाल."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी नको म्हणणार होतो. माझ्या हिशेबात गाडीत एक माणूस होतं, आता दोन झाली. पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या बाजूचं दार नीट लागलं आहे का तेवढं तपासलं. वैशालीने वाकून त्यांचा पट्टा लावून दिला. "हा कासरा कोणाचा?" ते म्हणाले. ती हसली. ते हसले नाहीत.

मी स्कूटरने आधी निघालो आणि काट्यावर पोचून खिडकीत उभा राहिलो. ट्रकमागून ट्रक जात होते. मग आमची गाडी दिसली, एका लांबलचक ट्रेलरच्या मागे. काट्याच्या अलीकडे ट्रेलरचे मागचे दिवे लाल झाले. तो थांबायला लागला, त्याचं धूड कुंथत हललं. आमच्या गाडीचं नाक किंचित खाली गेलं आणि गाडी थांबली. मधे भरपूर जागा राहिली होती. काचेआड बाबांचे दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकलेले दिसले, जसे बैलाच्या पाठीवर टेकावेत. मग ट्रेलर हलला, वैशालीही हलली, आणि धुळीत दोघं दिसेनाशी झाली.

"भैया, वजन बोलो ना," काट्यावरचा ड्रायव्हर ओरडत होता. "काँटे पे सोने आया हूँ क्या?"

त्यानंतर फोन येईपर्यंत मी काय काम केलं ते सांगता यायचं नाही. फोन वैशालीचा होता, पण बोलले बाबा. फोनवर ते नेहमीच दुसऱ्या गावाला ऐकू जाईल असे बोलतात.

"पोचलो गा!"

"ब्रेक कसे वाटले?"

"फाट्यावर एक गोऱ्हा आडवा आला. सूनबाईनं थांबवली." मागे शाळेतल्या पोरांचा कालवा होता.  मग ते पुन्हा बोलले, या वेळी हळू, घरातल्या घरात बोलावा तसा. "सारा रस्ता मी कान देऊन बसलो होतो. कोरडं चाक, अन् कुरकुर नाही. गोऱ्ह्याले बी काही झालं नाही."

"बरं बाबा."

"बरं," ते म्हणाले.

काट्यावर पुढचा ट्रक येऊन उभा होता. आकडा स्थिर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, की मलाच तो नीट दिसायला, ते सांगता येत नाही.